दोघींचं वांगं

माझी आई आणि समोरच्या घरातली मावशी यांचं बोलणं एका वांग्यावरून बंद झालं. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग माझा चेहरा पाहून गप्प होतो. मलाही सुरुवातीला वाटलं होतं, आठवडाभर रुसतील आणि पुन्हा एका ओट्यावर शेंगा सोलायला बसतील.

आमचं गाव तापीच्या काठाला, बुऱ्हाणपूरहून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. आईचं माहेर रावेरकडचं. ती लग्न होऊन आली तेव्हा रावेर मुंबई राज्यात होतं आणि आमचं गाव मध्य प्रदेशात. तिच्या माहेरची माणसं म्हणायची, पोरगी परराज्यात दिली. मावशीचं माहेर इकडचंच, शाहपूरच्या अंगाचं. ती आईच्या थोडीच आधी समोरच्या घरात सून म्हणून आली होती. दोघी कोवळ्या, दोघींच्या सासवा कडक. सासवा दुपारी आडव्या झाल्या की या दोघी गल्लीतच, आपापल्या उंबऱ्यावर बसून बोलायच्या. एकमेकींना त्या गडणी म्हणत. आमच्याकडे मैत्रिणीला तसं म्हणतात. म्हाताऱ्या झाल्या तरी तीच हाक.

आईनं माहेरहून ट्रंकेत, काजळाच्या जुन्या डबीत, भरताच्या वांग्याचं बी आणलं होतं. ते तिनं परसात लावलं आणि पहिलंच बी धरलं तेव्हा अर्धं मावशीला दिलं. आईच्या माहेरचं वांगं गोलसर होतं, त्यावर जांभळी झाक असायची. मावशीची जमीन नदीच्या अंगाला, गाळाची. तिथं काही झाडांना लांबट, फिकट हिरवी, खालच्या बाजूला पांढऱ्या रेघा असलेली वांगी लागली. मावशीनं बी धरायला तेवढीच ठेवली. पुढच्या वर्षीही तसंच केलं, त्याच्या पुढच्याही. भरीत करताना ज्याच्या वांग्याचं साल एका ओढीत निघतं, ज्याच्यात बिया कमी, त्या झाडाला ती चिंधी बांधून ठेवायची आणि घरच्यांना बजावायची, "याले कोणी हात लावू नका." मग पिवळी पडेपर्यंत वांगी झाडावर ठेवायची, आढ्याला टांगायची, सुकली की पाण्यात चोळून बी काढायची आणि राखेत घोळून मडक्यात भरायची.

मग तेच बी तिनं आईला परत दिलं. एका वर्षी तापीचं पाणी आमच्या शेतात शिरलं, मडकं भिजलं, आईचं सगळं बी कुजलं. तेव्हाही मावशीकडून आलं. पुढं कधीतरी मावशीचा वाफा मर रोगानं बसला तेव्हा आमच्याकडून गेलं. असं इतकी वर्षं चाललं की ते बी कोणाचं, हा प्रश्नच उरला नव्हता. गावातही ज्याला हवं तो या दोन घरांपैकी कुठल्याही घरी यायचा आणि चिमूटभर घेऊन जायचा.

चंपाषष्ठीला आमच्याकडे वांगं सुटतं. चातुर्मासात खायचं नाही, त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग खायचं. त्या दिवशी दोन घरांची चूल एक असायची. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून आई वांगी भाजायची आणि मावशी मोठ्या परातीत ठेचायची. आई मीठ टाकायची, चव मात्र मावशी पाहायची. दोघींपैकी एकटीनं भरीत केलेलं मी लहानपणी पाहिलेलं नाही.

मी शिकले, लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहायला गेले आणि शहरातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. भावानं शेत सांभाळलं. हे घडलं त्या सुमारास बुऱ्हाणपूर नुकताच जिल्हा झाला होता. जगाच्या बाजाराला देश जोडला जातोय, असं पेपरात रोज येत होतं. हळदीचं पेटंट, कडुनिंबाचं पेटंट, हे शब्द आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकू यायचे. गावात त्याचा अर्थ एवढाच होता की पारंपरिक केळीचे कंद मागे पडून प्रयोगशाळेतली रोपं येऊ लागली होती आणि ठिबकच्या काळ्या नळ्या सगळ्या शेतांत पसरल्या होत्या. मावशीच्या मोठ्या मुलानं नदीकाठची सगळी जमीन केळीखाली आणली. धाकटा नेपानगरच्या कागद कारखान्यात लागला होता. मावशीला वांग्यासाठी परसातली एक पट्टी उरली. ती तिला पुरे होती.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी गावात सरकारी जीप आली. मी चंपाषष्ठीसाठी माहेरी गेले होते. मारुतीच्या पारावर लोकांना बोलावलं. एक वयस्क साहेब होते आणि त्यांच्याबरोबर एक तरुण वैज्ञानिक बाई. दोघंही हिंदीत बोलत होते. पुरुषांना ते कळत होतं, पण मागं बसलेल्या बायकांसाठी साहेबांनी मला म्हटलं, "मॅडम, आप ज़रा मराठी में समझा दीजिए."

मी समजावलं. नवा कायदा आलाय. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जी वाणं जपली, त्यांची नोंद होणार. उद्या एखाद्या कंपनीनं आपलं बी नेऊन त्यातून नवं वाण काढलं आणि त्यावर कमाई केली, तर त्या लाभात बी जपणाऱ्यांचाही वाटा असेल. आजवर बी नेणारे नेत आले, देणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसायचं.

"म्हणजे बी आपलं आहे असं सरकार मानणार?" भावानं विचारलं.

"बिलकुल," साहेब म्हणाले.

आई माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "वाटा द्यायचा तर आधी ते कोणाचं तरी असाले पाह्यजे ना? आपण तर तसंच देत आलो."

मावशी हसली. "तू आता वकिलासारखी बोलू नको, गडणी. पाहुण्यांले जेवाले बोलाव."

त्या वैज्ञानिक बाई खरंच आमच्या अंगणात आल्या. मोठ्या साहेबांना दुसऱ्या गावाला जायचं होतं, ते गेले. बाई पाटावर बसून भरीत जेवल्या आणि असं वांगं आपण कुठं खाल्लं नाही म्हणाल्या. त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मग त्यांनी नमुन्यासाठी बी मागितलं. आमच्याकडची बी धरायची वांगी अजून झाडावर हिरवीच होती. मावशीच्या आढ्याला मात्र आधीच्या हंगामातली सुकलेली टांगलेली होती. मावशी गेली आणि ओंजळभर बी कागदाच्या पुडीत घेऊन आली. "ताजं नाही, पण उगवन," म्हणाली. मग तिच्या म्हशीची वेळ झाली म्हणून ती घरी गेली. मीही दुपारच्या बसनं राजपुऱ्याला परतले.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं. पुडीवर नाव टाकायचं म्हणून बाईंनी विचारलं, "किसके नाम से लिखूँ?"

आई म्हणाली, "आमच्या दोघींच्या."

बाई म्हणाल्या की आत्ता एक नाव द्या, पुढं आणखी नावं जोडता येतील, गावाचंही नाव लावता येईल. तेवढ्यात भाऊ हात धुऊन बाहेर आला आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. त्याच्या मनात त्या वेळी काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. घरचा कारभार त्याच्या नावावर, विजेचं मीटर त्याच्या नावावर, सोसायटीत खातं त्याचं. कुणी नाव विचारलं की तो आपलं सांगायचा. आईनं त्याच्याकडे पाहिलं, पण पाहुण्यांसमोर ती मुलाला टोकणारी बाई नव्हती. पुढं जोडता येतं म्हणाल्या ना, मग जोडू, असं तिनं मनाशी धरलं.

उन्हाळ्यात एका हिंदी पेपरच्या स्थानिक पानावर भावाचा फोटो आला. देशी बैंगन जपणारा शेतकरी, असा मथळा होता. मागं आमचा वाफा दिसत होता. पेपरवाल्याला बातमी कुठून मिळाली कोण जाणे. मावशीच्या मोठ्या मुलानं ती बातमी आपल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचली. मावशी आत भाकरी थापत होती.

ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून रस्ता ओलांडून आली. आईनं मला तिचं बोलणं पुढं इतक्यांदा सांगितलं की मी तिथं नव्हते असं वाटतच नाही.

"गडणी, बी माझ्या आढ्याचं गेलं, आन नाव तुझ्या पोराचं?"

"मी दोघींचं सांगितलं होतं व."

"मग लिहिलं काहून नाही?"

"मागून जोडता येतं म्हणाल्या त्या बाई."

"मागून!" मावशी म्हणाली. "मले नाव नको होतं. मले त्याच्यातलं काय समजते? पण तू समोर राह्यतेस. सहा महिन्यांत एकदा तरी सांगायचं होतं, असं असं झालं म्हणून. मी नाही म्हटलं असतं का?"

खरं तर तिनं ते सांगायचं ठरवलं होतं, पण आधी नाव जोडून घ्यावं आणि मग सांगावं, असं करता करता दिवस गेले. ते तिला त्या क्षणी बोलता आलं नाही. मावशी आली तशी परत गेली. त्या दिवसानंतर आमच्या आणि त्यांच्या उंबऱ्यांमधलं बोलणं थांबलं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण मुलं उतरली. मावशीच्या मोठ्या मुलानं शहरात जाऊन कृषी कार्यालयात तक्रार दिली. भाऊ चिडला. वाटा मिळणार म्हणजे किती मिळणार, याबद्दल गावात काय काय बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणे परदेशी कंपनी येणार, कुणी म्हणे घरटी ट्रॅक्टर मिळणार. कुणाला काही ठाऊक नव्हतं. ज्या लोकांनी आमच्या घरून चिमूटभर बी नेलं होतं, तेही सांगू लागले की आमच्याकडे तर आजोबांपासून हेच वांगं आहे.

शेवटी पंचायतीत बैठक लागली. तेच वयस्क साहेब आले. मी शाळेतून रजा काढून गेले, कारण आईनं निरोप धाडला होता की मी एकटी बसणार नाही.

भाऊ म्हणाला, "बी आमच्या आईनं माहेरून आणलं. सगळ्या गावाला माहीत आहे."

मावशीचा मुलगा उठला. "तुझ्या आईनं आणलं ते गोल होतं. हे जे आज आहे ते माझ्या आईनं निवडून निवडून केलं. ते पण सगळ्या गावाला माहीत आहे."

दोघंही खरं बोलत होते. साहेबांनी मध्येच विचारलं की आईचं माहेर कुठलं. रावेर म्हटल्यावर ते त्रासून म्हणाले, "तो मूल रूप से यह महाराष्ट्र का हुआ?" त्यावर मागून कोणी हसलं, कोणी ओरडलं, आणि बराच वेळ काही ऐकू येईना.

आई आणि मावशी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, मध्ये चार-पाच जणी सोडून. गलका थांबल्यावर साहेबांनी दोघींना समोर बोलावलं आणि आदरानं विचारलं, "माताजी, आप दोनों बताइए. किसका नाम रहे?"

आई म्हणाली, "हिचं लिहा."

मावशी तिच्याकडे न पाहता म्हणाली, "तिच्या घरचं लिहिलं आहे, तेच राहू द्या. मले काही नको. माझी सही पाह्यजे तर अंगठा घ्या." आणि ती पदर सावरून निघून गेली.

तिनं रागानं भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आई घरी येऊन माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली. मी पाणी दिलं तर तिनं घेतलं नाही. म्हणाली, "तिनं मले परकी केलं." एवढंच.

सरकारनं शेवटी वाणाला गावाचं नाव दिलं. निर्णय बरोबरच होता, आधीपासून तोच घ्यायला हवा होता. पंचायतीच्या भिंतीवर चौकटीत एक कागद लागला. पण तोवर दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नकार्यांना जाईनाशी झाली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सलग झड लागली आणि आईची रोपं गादीवाफ्यातच सडली. तिनं राहिलेलं बी पुन्हा टाकलं, तेही गेलं. अशा वेळी पूर्वी रस्ता ओलांडला की काम व्हायचं. मावशीच्या परसात हिरवीगार रोपं उभी होती, आमच्या दारातून दिसायची. वहिनी म्हणाली, "मी जाऊन मागू का?" आईनं नको म्हणून मान हलवली. भावानं शहरातल्या इतवारा बाजारातून पाकिटातलं बी आणलं. त्याची वांगी चांगली आली, काळी, तकतकीत, एकसारखी. आईनं त्यांची भाजी केली, भरीत कधी केलं नाही.

मग दोन-तीन वर्षांनी मावशी आजारी पडली. पोटात पाणी होत होतं. तिला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मला शाळेतल्या एका मुलीकडून कळलं. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊ लागले. माझ्याशी तिचं कधी काही बिघडलं नव्हतं. मी डब्यात मऊ खिचडी न्यायची. ती दोन घास खायची आणि म्हणायची, "तुझ्या आईसारखं हिंग जास्त पडते तुझ्या हातून."

एकदा तिनं विचारलं, "तुमच्याकडे वांगे कशे आहेत यंदा?"

मी म्हटलं, "पाकिटाचे लावतो, मावशी."

तिनं डोळे उघडले. "कवापासून?"

मी सांगितलं. तिनं खिचडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मले वाटलं, तुमच्याकडे असन. म्हणून मी मागल्या साली फार धरलं नाही. माझ्यानं वाकवत नव्हतं."

मी आईला फोन केला नाही, सरळ दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गावी गेले आणि तिला घेऊन आले. वॉर्डाच्या दारात ती थबकली आणि पायातल्या वहाणा बाहेर काढल्या, जसं कुणी देवळात जाताना काढतं. मावशीनं तिला पाहिलं आणि थोडी सरकली. पलंगाच्या कडेला जागा झाली, तिथं आई बसली.

त्या काय बोलल्या ते मी ऐकलं आहे, कारण मी तिथंच होते. आई म्हणाली, "केस किती गुंतले तुझे." मावशी म्हणाली, "सुनेले वेळ नाही भेटत." आईनं पिशवीतून फणी काढली आणि तिचे केस सोडवत बसली. कोणाची गाय व्यायली, कोणाच्या घरी पाळणा हलला, नदीला यंदा पाणी किती, असं बोलणं चाललं. वांग्याचं नाव निघालं नाही, बैठकीचंही नाही. उठताना मावशीनं आईचा हात धरून ठेवला. आई म्हणाली, "येते मी परत." मावशी म्हणाली, "हो."

आई त्यानंतर दोनदा आली. पुन्हा यायच्या आधी मावशी गेली. आदल्या रात्री घरी नेली होती तिला, पहाटे घरीच गेली.

दिवस झाल्यावर मी आईला विचारलं, "तिच्याकडे थोडं बी असेल. तू मागितलं का नाहीस?"

आई माझ्यावर कधी ओरडत नसे, त्या दिवशी ओरडली. "मरणाऱ्या माणसाजवळ बसून बी मागू? तिले काय वाटलं असतं, मी त्याच्यासाठी आली?"

तेराव्यानंतर मावशीच्या मुलानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. आढी उतरवली, मडकी फुटली, माळ्यावरचं सगळं ट्रॉलीत भरून नदीच्या अंगाला टाकलं. त्यात बी होतं की नव्हतं, कुणी पाहिलं नाही. गावात आणखी दोन-चार घरी चौकशी केली. सगळ्यांनी कधीच पाकीट धरलं होतं. लाभाची वाट पाहणाऱ्या गावात ते वांगंच उरलं नव्हतं. कुठली कंपनी ते मागायला आली नाही, त्यातून कुणी काही कमावलं नाही आणि वाटून घ्यायलाही काही आलं नाही. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मी तो त्या बायकांना समजावला होता आणि आजही समजावेन. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना काही मिळालं पाहिजे, हे न्यायाचंच आहे. पण आमच्या गल्लीत जे होतं त्याला तोवर कोणी वाटा म्हणत नव्हतं, आणि तो शब्द आल्यावर कोणाला किती, हे आपोआप मागून आलं.

त्या पुडीची आठवण मला फार उशिरा झाली. मी कृषी कार्यालयात गेले. तिथं आता दुसरेच साहेब होते, तरुण, आणि बुऱ्हाणपूरचेच. मराठीत बोलले. त्यांनी सांगितलं की असे नमुने दिल्लीला थंड कोठीत ठेवतात आणि ज्यांनी दिले त्यांना परत मागता येतात. त्यांनीच पाठपुरावा केला. बरेच महिने गेले. मग टपालानं एक छोटं चंदेरी पाकीट आलं, त्यात बोटाच्या पेरावर मावेल एवढं बी.

आईचे डोळे तेव्हा अधू झाले होते, पाय सुजायचे. तरी तिनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः बसून माती चाळली, शेणखत मिसळलं, बी टाकलं. वहिनी पाणी घालायची, आई बाजेवर बसून पाहायची. थोडीच उगवली. त्यातलीही काही गेली. जी जगली त्यांना कार्तिकात फुलं आली आणि मग लांबट, फिकट हिरवी वांगी लागली, खाली पांढऱ्या रेघा. मी शनिवारी गेले तेव्हा भाऊ वाफ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "तायडे, मी त्या दिवशी हात धुवायला अजून थोडा वेळ लावला असता तर." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो इतक्या वर्षांत त्या विषयावर पहिल्यांदा बोलला होता.

आईनं पहिलं वांगं भाजलं. साल निघालं, पण एका ओढीत नाही. तिनं ठेचलं, मीठ टाकलं आणि जिभेवर घेतलं. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

"असंच होतं वाटते," ती म्हणाली. मग परत थोडं घेतलं. "चव तीच पाह्यची. मले एकटीले काय सांगता येते?"

संध्याकाळी तिनं चार वांगी फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, "चाल." आम्ही समोर गेलो. नवं घर, फरशीचा ओटा, चढायला उंच पायऱ्या. आईला मी धरून चढवलं. मावशीचा मुलगा टीव्ही पाहत होता, तो दचकून उठला. त्याला आईला काय म्हणावं सुचेना. लहानपणी तो तिला मोठी आई म्हणायचा.

आईनं फडकं पुढं केलं. "तुझ्या मायच्या हातचं बी आहे. दिल्लीहून आलं."

त्यानं फडकं सोडलं, वांगी हातात घेऊन उलटी-पालटी केली, अंगठ्यानं पांढऱ्या रेघा चोळल्या. त्याची सून आतून आली. तिनं ती वांगी कधी पाहिलीच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मावशी नव्हती आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. तिनं विचारलं, "भाजी करू की भरीत?"

मावशीचा मुलगा खाली बसला. गुडघ्यात डोकं घालून तो मोठ्या माणसासारखा नाही, अगदी लहान पोरासारखा रडू लागला. आई त्याच्या शेजारी त्या थंड फरशीवर बसली. तिला खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उठवायला गेले तर तिनं मला हातानंच थांबवलं, आणि त्याच्या सुनेला म्हणाली, "गॅसवर नको भाजू बाई. पऱ्हाट्या आहेत का घरात?"

पऱ्हाट्या नव्हत्या. त्यांच्याकडे कपाशी लावणं बंद होऊन वर्षं झाली होती. मी हाक मारली तसा भाऊ आमच्याकडून भारा घेऊन आला, दारातच ठेवला आणि आत यावं की नाही म्हणून उभा राहिला.